लाभांश म्हणजे पगार नव्हे

व्याज नको म्हणून लाभांशाच्या फंडात रक्कम टाकावी, घरखर्च सुटेल, असे अनेक व्यापारी बांधवांना वाटते. लाभांश वाटला की युनिटचा भाव तेवढाच उतरतो. 20 रुपयांच्या युनिटवर 2 रुपये मिळाले, तर युनिट 18 चे राहते. शिवाय लाभांश द्यायलाच हवा असे फंडावर बंधन नाही.

‘युनिट 64’ लोकांना ठेवीइतकी पक्की वाटे. तिच्या पैशात कर्जरोखेही होते, हे किती जणांनी पाहिले? जुलै 2001 मध्ये युनिट ट्रस्टने तिची खरेदी-विक्री थांबवली. 2003 मध्ये धारकांपुढे आले ते सरकारी हमीचे, 6.75 टक्के व्याजाचे रोखे!

केंद्र सरकारच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांत मुद्दल सुरक्षित आहे, दर सहा महिन्यांनी व्याज ठरलेले. मात्र रक्कम सात वर्षे अडकते. मुदतीआधी मोडण्याची सवलत वयोवृद्धांनाच. ते व्याज घ्यावे का, हे आपापल्या उलेमांना विचारावे.

माल भरण्याची, लग्नाची किंवा हजची रक्कम लवकरच लागणार असेल, तर ती शेअरच्या फंडात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याज टाळायचे असल्यास ती चालू खात्यात ठेवावी. तिथे वाढ नाही, पण भावही उतरत नाही.