फुटबॉल-संघाचें राखीव बळ

पावसाळ्यांत गांवच्या सर्वच विहिरी भरलेल्या दिसतात. कोणती खोल आणि कोणती उथळ, हें त्या वेळीं कांठावर उभें राहून सांगतां येत नाहीं. तें वैशाखांत कळतें. फुटबॉल-संघाचेंहि तसेंच आहे. हंगामाच्या आरंभीं खेळाडू ताजेतवाने असतात, पोषाख नवा असतो, आणि अकरा गडी मैदानांत उतरले म्हणजे ज्याला त्याला आपला संघ भरभक्कम वाटतो. परंतु हंगाम एका सामन्याचा नसतो. तो नऊ महिन्यांचा असतो. त्या नऊ महिन्यांत कोणाचा गुडघा दुखावतो, कोणाचा घोटा मुरगळतो, कोणी नुसता थकून जातो. अशा वेळीं मागें काय शिल्लक आहे यावरच संघाची खरी योग्यता ठरते. यालाच आपण राखीव बळ म्हणूं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना इंग्लंडांतील फुटबॉल-सामन्यांची मोठी गोडी आहे. खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपली कीं, कोणत्या क्लबनें किती पैसा ओतला, यावर मधल्या सुटींत कडाक्याचे वाद होतात. परंतु पैशाच्या आंकड्यावरून संघाचें राखीव बळ कळत नाहीं. तें कसें अजमावावें, हें एका खऱ्या उदाहरणानें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या मुदतीविषयीं दोन शब्द. इंग्लंडांत पूर्वीं हंगामाचे अखेरचे कांहीं आठवडे सोडले, तर खेळ चालू असतांनाहि क्लबांस एकमेकांचे खेळाडू घेतां येत असत. सन २००२–०३ च्या हंगामापासून यास आळा बसला. तेव्हांपासून हें दार वर्षांतून दोनदांच उघडतें. एकदां उन्हाळ्यांत व एकदां जानेवारींत. दार मिटलें म्हणजे, ज्याचा कोणत्याच क्लबशीं करार नाहीं अशा एखाद्या खेळाडूचा अपवाद वगळतां, नवा गडी मिळत नाहीं. जो आहे त्यावरच भागवावें लागतें. म्हणून मृगापूर्वीं घरांतील बेगमी पाहणाऱ्या गृहस्थाप्रमाणें, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीं संघाची झडती घेणें योग्य होय.

येथें संख्येचाहि एक नियम आहे. प्रीमियर लीगमध्यें सन २०१०–११ पासून प्रत्येक क्लबला मोठ्या वयाच्या जास्तींत जास्त पंचवीस खेळाडूंची यादी द्यावी लागते. एकवीस वर्षांखालील खेळाडूंना ही मर्यादा नाहीं. पंचविसांपैकीं, ज्यांनीं लहान वयांत इंग्लंड किंवा वेल्समधील क्लबांत तीन वर्षें शिक्षण घेतलेलें नाहीं, असे सतरांहून अधिक असतां कामा नयेत. तेव्हां पैसा असला तरी हवे तितके खेळाडू सांठवितां येत नाहींत.

आतां मुख्य प्रश्न. पुष्कळजण डोकीं मोजतात. पंचवीस आहेत, म्हणजे झालें! परंतु पंचविसांत सात जण एकाच जागीं खेळणारे असले व दुसऱ्या जागीं एकच असला, तर त्या गर्दीचा उपयोग काय? म्हणून झडती घेतांना प्रत्येक जागेपाशीं थांबून चार प्रश्न विचारावे. या जागीं खेळणारा पहिला गडी पडला तर दुसरा कोण? त्या दुसऱ्याची प्रकृति भरंवशाची आहे काय? तो दुसऱ्या जागेवरून उचलून आणावा लागत असेल, तर त्याच्या रिकाम्या जागीं कोण जाणार? आणि या सर्वांनीं मिळून किती सामने खेळावयाचे आहेत? पहिला प्रश्न सर्वांना सुचतो. तिसरा बहुतेक सर्व विसरतात. आणि घात होतो तो तेथेंच.

लिव्हरपूल क्लबची सन २०२०–२१ ची हकीकत पहा. आदल्या वर्षीं या संघानें नव्याण्णव गुण मिळवून अजिंक्यपद जिंकलें होतें. त्याच्या बचावफळीच्या मध्यभागीं खेळणारे चार गडी होते: व्हर्जिल व्हान डाइक, जो गोमेझ, जोएल मातिप व डेयान लोव्ह्रेन. त्या उन्हाळ्यांत लोव्ह्रेन रशियांतील झेनित क्लबकडे गेला व त्याच्या जागीं कोणी आला नाहीं. आले ते डाव्या बाजूचा बचावपटू त्सिमिकास, मधल्या फळींतील थिआगो, आणि आघाडीचा जोटा. तिघेहि गुणी, खरेदीवर कोणी नांव ठेवावें असें नव्हतें. राहिलेल्या तिघांपैकीं व्हान डाइक मागील दोन्ही हंगामांत लीगच्या अडतीसच्या अडतीस सामन्यांत खेळलेला होता. परंतु गोमेझ व मातिप या दोघांनींहि पूर्वीं दुखापतीपायीं दीर्घकाळ बाहेर काढला होता. म्हणजे यादींत तीन नांवें असलीं तरी खरा भरंवसा एकाचाच होता.

मुदत ५ ऑक्टोबर रोजीं संपली. १७ ऑक्टोबर रोजीं एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यांत व्हान डाइकच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली व त्याचा हंगाम तेथेंच संपला. नोव्हेंबरांत इंग्लंडच्या संघाबरोबर सराव करितांना गोमेझचा गुडघा गेला. जानेवारीच्या अखेरीस मातिपचा घोटा दुखावला. तिघेहि त्या वर्षीं पुन्हां मैदानांत दिसले नाहींत.

तेव्हां प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनीं मधल्या फळींतील फॅबिन्यो व पुढें कर्णधार हेंडरसन यांस मागें आणिलें. दोघेहि कसलेले खेळाडू असल्यामुळें त्यांनीं तें काम नेटानें केलें. परंतु आंखूड पांघरुणानें डोकें झांकावें तर पाय उघडे पडतात! जे दोघे मधल्या फळींत चेंडू हिसकावून पुढें देत, तेच मागें गेल्यावर पुढच्यांना चेंडू पोंचविणार कोण? २१ जानेवारी ते ७ मार्च २०२१ या काळांत लिव्हरपूलनें स्वतःच्या मैदानावर लीगचे सहा सामने ओळीनें गमावले. असें त्या क्लबच्या इतिहासांत पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. उलट त्याआधीं घरच्या मैदानावर लीगच्या अडुसष्ट सामन्यांत तो अपराजित होता. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या सहा सामन्यांत मिळून लिव्हरपूलचा गोल झाला तो एकच, आणि तोहि पेनल्टीवर. सहांपैकीं चार पराभव एका गोलाचे होते. भगदाड पडलें बचावांत, परंतु उपासमार झाली आघाडीची! साथीमुळें प्रेक्षकांवांचून ओस पडलेलीं मैदानें, खेळाडूंचा थकवा, हीं कारणेंहि होतींच. तथापि मुख्य दुखणें हें जागांच्या ओढाताणीचें होतें.

जानेवारीच्या मुदतीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं क्लबनें ओझान कबाक व बेन डेव्हिस या दोघांस घाईनें आणिलें. कबाकनें कांहीं सामन्यांत मदत केली. डेव्हिसला पहिल्या संघाकडून एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. तहान लागल्यावर खणलेल्या विहिरीला कितीसें पाणी लागणार?

मग संघ सांवरला कसा? मार्चांत फॅबिन्यो मधल्या फळींत परत गेला आणि बचावाच्या मध्यभागीं, ज्यांचीं नांवें हंगामापूर्वीं फारशीं कोणी घेत नव्हतें, असे दोघे पुढें आले. नॅट फिलिप्स हा तेवीस-चोवीस वर्षांचा गडी ऑक्टोबर २०२० पर्यंत प्रीमियर लीगचा एकहि सामना खेळलेला नव्हता. रीस विल्यम्स त्याहून लहान. तो आदल्या वर्षीं इंग्लंडच्या सहाव्या श्रेणींतील किडरमिन्स्टर संघाकडे उसना गेलेला होता. हे व्हान डाइकच्या तोडीचे नव्हते, हें उघड आहे. परंतु ते आपल्या जागीं उभे राहिल्यामुळें बाकीचे सर्व आपापल्या जागीं गेले. शेवटच्या दहा सामन्यांपैकीं आठ जिंकून व दोन बरोबरींत सोडवून संघानें एकूण एकोणसत्तर गुणांनिशीं तिसरें स्थान गांठलें. अजिंक्यपद गेलें, पण अब्रू राहिली. पुढल्या उन्हाळ्यांत क्लबनें सर्वप्रथम इब्राहिमा कोनाते हा मध्यभागींचा बचावपटू घेतला. त्या २०२१–२२ च्या हंगामांत संघ त्रेसष्ट सामने खेळला व त्यानें दोन चषक जिंकले.

चवथ्या प्रश्नाचें, म्हणजे सामन्यांच्या संख्येचें, महत्त्व लेस्टर सिटीच्या उदाहरणावरून कळतें. सन २०१५–१६ मध्यें या लहानशा क्लबनें जवळजवळ तेच तेच अकरा गडी खेळवून लीग जिंकली व जगाला थक्क केलें. त्यास युरोपांतील स्पर्धेचे सामने नव्हते, चषकस्पर्धांतूनहि तो लौकर बाहेर पडला होता, आणि मोठ्या दुखापतींनींहि त्यास फारसें गांठलें नाहीं. थोडी शिदोरी त्या वर्षीं पुरली, कारण वाटच लहान होती. पुढल्या वर्षीं युरोपांतील अजिंक्यवीरांच्या स्पर्धेची लांबची वाट समोर आली. त्यांतच मधल्या फळीचा आधारस्तंभ कांते हा चेल्सीकडे गेला. परिणामीं लेस्टर बाराव्या स्थानावर घसरला. चेल्सीनें मात्र कांतेसह लीग जिंकली.

सारांश, राखीव बळ म्हणजे गर्दी नव्हे, किंवा कोठारांत पडलेला पैसाहि नव्हे. एक माणूस गेल्यानें दुसऱ्या चार जणांस आपली जागा सोडावी लागूं नये, अशी तजवीज म्हणजे राखीव बळ. यापुढें मुदत संपली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनीं कागद घ्यावा, अकरा जागा मांडाव्या, आणि प्रत्येकीपुढें तें दुसरें नांव लिहावें. जेथें लेखणी अडेल, तेथें संघ उथळ आहे असें समजावें.

आणि पालकांस एक विनंति. आपला मुलगा किंवा मुलगी संघांत राखीव म्हणून निवडली गेली आणि सबंध सामना बाजूस बसून घरीं हिरमुसली होऊन आली, तर त्या निवडीस कमी लेखूं नये. सराव न चुकवितां वाट पाहणें हेंहि संघाचेंच काम आहे. ज्या दिवशीं तिला हांक येईल, त्या दिवशीं ती तयार असली, म्हणजे बाकीच्या दहाजणींना आपापल्या जागीं खेळतां येईल. आणि संघाला तिच्याकडून याहून मोठें कांहीं नको असतें.