डिलीट केलेल्या फाइलचा पत्ता

लिनक्सवर डिलीट केलेली फाइल नेमकी जाते कुठे, याला 2004 पर्यंत एकच उत्तर नव्हतं. केडीई आणि ग्नोम हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप; केडीईची कचरापेटी वेगळी, ग्नोमची वेगळी. एकीकडे टाकलेली फाइल दुसरीकडे दिसायची नाही. त्या वर्षी मिखाईल रामेंदिक यांनी फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पासाठी दोघांनाही चालेल असा नियम लिहिला. केडीईने तो 2005 मध्ये, 3.4 आवृत्तीत आणला. ग्नोमला 2008 उजाडलं. उबुंटूच्या सीडी पोस्टाने फुकट घरी यायच्या, तो हा काळ.

नियम साधा आहे, आणि मला तो फार आवडतो. कचरापेटीचे दोन कप्पे. ‘फाइल्स’मध्ये फाइल जाते आणि ‘इन्फो’मध्ये तिच्या नावाची चिठ्ठी: मूळ जागा कोणती, डिलीट कधी केली. ‘लग्नपत्रिका’ नावाच्या फाइलची चिठ्ठी उघडून पाहा, एकेका अक्षरासाठी टक्क्याची तीन-तीन चिन्हं दिसतील. रिस्टोअर दाबलं की याच चिठ्ठीवरून फाइल आपल्या जागी परतते.

खरा घोळ झाला तो पेनड्राइव्हचा. पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तरी ती पेनड्राइव्हवरच राहते, ‘.ट्रॅश-1000’ अशा फोल्डरात. 1000 हा बहुतेक मशीनवर पहिल्या युजरचा क्रमांक. सुरुवातीच्या टिंबामुळे लिनक्सवर हा फोल्डर लपलेला असतो, म्हणून ‘आत काहीच नाही, तरी फुल दाखवतंय’ ही नेहमीची तक्रार. पण तोच पेनड्राइव्ह पनवेल स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोजला लावला, की फोल्डर सरळ समोर! पॅन कार्डाचा स्कॅन, जुना बायोडेटा, सगळं उघड्यावर. प्रिंट काढायला जाण्याआधी, पेनड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

टर्मिनलमधली फाइल पुसणारी ‘आरएम’ कमांड मात्र कचरापेटीकडे फिरकतच नाही. पूर्वी हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर पडून असायचा; फोटोरेक हा प्रोग्राम चालवून निदान फोटो तरी हाती लागायचे. एसएसडी आल्या आणि ती आशाही मावळली. उबुंटू 14.04 पासून दर आठवड्याला आपोआप ट्रिम चालतं. मोकळी झालेली जागा कोणती ते डिस्कला कळतं, आणि मग तिथलं काही परत मिळणं जवळजवळ अशक्य.

यावर उपाय म्हणून आंद्रेआ फ्रान्चिया यांचं ‘ट्रॅश-सीएलआय’ हे साधन आहे. त्यातल्या ‘ट्रॅश-पुट’ कमांडने टर्मिनलमधूनही फाइल त्याच कचरापेटीत जाते, चिठ्ठीसकट. शिकायची सोयही आहे: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमामुळे लिनक्सचे धडे मराठीतून मिळतात. तेव्हा आमच्या इथल्या कॉलेजांत ज्या दिवशी मुलांना ‘आरएम’ शिकवतील, त्याच दिवशी ‘ट्रॅश-पुट’ही शिकवावं, एवढी माझी मागणी आहे.