कुत्रा अंगण का उकरतो?

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचं गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातलं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथे हिंगोटाची लढाई होते. हिंगणबेटाची फळं पोखरून, वाळवून त्यांत दारू ठासायची आणि पेटवून समोरच्यांवर सोडायची. एकीकडे गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ गट, दुसरीकडे रुणजी गावाचा ‘कलगी’ गट.

माणसांचा असा सण कुत्र्यांना जड जातो. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४० हजारांच्याही वरचे. फटाक्यांच्या धडाक्यात ते पलंगाखाली शिरतं, नाहीतर कुंपणाच्या कडेला माती उकरून पळवाट शोधतं. मालक सकाळी खड्डा बघून त्याच्यावर ओरडतो. कुत्र्याला त्याचा संबंध रात्रीच्या उकरण्याशी लावता येत नाही; घाबरलेलं जनावर आणखी घाबरतं, एवढंच.

उकरण्याची कारणं अनेक असतात आणि खड्ड्याची जागा व वेळ पाहिली की बहुतेकदा ती उलगडतात. वैशाखात दुपारी कुत्रं झाडाखाली वरची तापलेली माती पुढच्या पंजांनी मागे उडवतं, ओल लागली की गोल फिरून पोट टेकतं. पोटावर केस विरळ असल्याने अंगातली उष्णता थंड मातीत लवकर उतरते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना; बाकी भिस्त धापा टाकण्यावर. त्याला सावली, पाणी आणि ओलं गोणपाट मिळालं तर खड्डा उकरायची गरजच उरत नाही.

बिळाशेजारी उकरत असेल तर घूस किंवा उंदीर हुंगलेला असतो. तिथे विषारी गोळ्या ठेवू नका, त्या कुत्र्याच्याच पोटात जातील. टेरियर आणि डॅशहुंड या जाती तर बिळातली शिकार काढण्यासाठीच पैदा केल्या गेल्या. त्यांची खोड मोडण्यापेक्षा वाळूचा एक कोपरा त्यांना द्यावा आणि तिथे खेळणी पुरून ठेवावीत. गाभण कुत्री उकरते ती पिलांसाठी. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांच्या विणी बहुतेक हिवाळ्यात होतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांना असंही दिसलं, की या कुत्र्या पिलांसाठी माणसांच्या वावराजवळची जागा पसंत करतात. गाभण कुत्रीला आडोशाला कोरडी जागा करून द्या.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं मात्र निव्वळ कंटाळ्याने माती उपसतं. त्याला सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरवणं हाच उपाय. कुंपणाखालून पळत असेल तर कडेने जाळी पुरा, फटाक्यांच्या रात्री त्याला घरात ठेवा. पण न उकरणारं कुत्रं अचानक उकरू लागलं किंवा माती खाऊ लागलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याला दाखवा.