घरच्या घरी मोटार धुताना

मोटार कशी धुवावी हा काय भाषणाचा विषय झाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. बादलीभर पाणी, एक फडके आणि हातात जोर असला की झाले! पण या हातातल्या जोराने मोटारीचे जेवढे नुकसान होते तेवढे चिखलानेही होत नाही, आणि ते करणारे आपणच असतो. म्हणून मुद्दाम हा विषय घेतला. मोटार ही आता शहरातल्या मोजक्या लोकांची चैन राहिलेली नाही. गावोगावी वडापची जीप आहे, दुधाचा टेंपो आहे, शिक्षकांच्या दारात हप्त्याने घेतलेली लहान गाडी आहे. हप्ते पाच-सात वर्षे फेडायचे आणि गाडी मात्र दोन वर्षांतच म्हातारी दिसू लागायची. विकायला काढली की घेणारा आधी रंगाकडे बघतो आणि तिथेच किंमत पाडतो.

उदाहरणासाठी नवी मुंबईतले कोपरखैरणे घेऊ. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ही वसाहत उभारली. जुनी आगरी गावे तिच्या पोटात आहेत, आणि माथाडी कामगारांची घरेही येथे पुष्कळ. ही मंडळी बहुतेक सातारा-सांगलीकडची. त्यामुळे गाडी गणपतीला, जत्रेला गावी जाते आणि गावची माती घेऊन परत येते. इथे आल्यावर तिला काय मिळते? एका बाजूला ठाण्याची खाडी, म्हणजे खारी हवा. दुसऱ्या बाजूला ठाणे–वाशी लोहमार्ग, ठाणे–बेलापूर रस्ता, कारखान्यांचा लांबलचक पट्टा आणि त्यामागे पारसिकचा डोंगर. त्या डोंगरात वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. बांधकाम तर कुठे ना कुठे चालूच. जागा अपुरी, म्हणून गल्लीच्या दोन्ही अंगांना गाड्या उघड्यावर उभ्या. अशा गाडीच्या अंगावर रात्रीतून बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते.

ही धूळ म्हणजे नुसती मऊ भुकटी नव्हे. भूगोलाच्या वर्गात आम्ही खनिजांचा कठीणपणा शिकवतो. सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० अशी ती मोजपट्टी आहे. खिडकीची साधी काच तीत साडेपाचच्या आसपास येते. वाळूतला गारेचा कण असतो ७. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड फोडला तर त्याच्या भुकटीत ६ च्या आसपासचे कण पुष्कळ सापडतात. म्हणजे जो कण काचेवर ओरखडा काढू शकतो, तो आपण फडक्याखाली धरून रंगावर फिरवीत असतो! रंग तर काचेहून कितीतरी मऊ.

आणि हा रंग असतो तरी किती जाड? पत्र्यावर आधी गंजविरोधी थर, त्यावर अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीचे एक पान हातात घ्या. सारा रंग त्याहून फार तर थोडा जाड. त्यातला वरचा पारदर्शक थर तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, अर्ध्या पानाएवढा. गाडीची चमक, उन्हापासून रंगाचे रक्षण, सारे या अर्ध्या पानावर अवलंबून. जुनी काळी गाडी उन्हात उभी असेल तर तिच्यावर सूर्याचे प्रतिबिंब पाहा. भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या वयाने येत नाहीत. रोज सकाळच्या कोरड्या फडक्याने येतात.

कोपरखैरण्यात पहाटे महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर गाड्या पुसणारी माणसे फिरत असतात. एका बादलीत आणि एका फडक्यावर दहा गाड्या! पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीवर जाते. पण त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पैसे थोडे, पाणी थोडे, आणि मालक आठ वाजता निघणार. मालकानेच दुसरी बादली आणि स्वच्छ फडकी दिली तर काम तेवढ्याच वेळात होते.

दुसरी बादली कशाला, म्हणाल? एकीत साबणपाणी, दुसरीत साधे पाणी. आधी गाडीवर नुसते पाणी ओतून सैल धूळ वाहून जाऊ द्यायची. चिखल वाळलेला असेल तर तो पाच मिनिटे भिजू द्यायचा, नखाने खरवडायचा नाही. मग फडके साबणाच्या बादलीत बुडवून टपापासून सुरुवात करायची, सरळ रेषेत, दाब न देता. एक पत्रा झाला की फडके साध्या पाण्यात पिळून कण तिथे सोडायचे आणि मगच पुन्हा साबणात बुडवायचे. बादलीच्या तळाशी एक जुनी चाळण पालथी घातली तर खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी. चाकांना वेगळे फडके, आणि ते पुन्हा रंगाला लावायचे नाही. हे सारे सावलीत आणि बॉनेट गार असताना. उन्हात साबण पत्र्यावरच वाळतो आणि डाग सोडतो.

आता साबण. घरात असते ती कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो तेलकटपणा काढतो तसाच गाडीवरचा मेणाचा थरही काढून नेतो, आणि रबराला नि ॲल्युमिनिअमला तो मानवत नाही. बाजारात मोटारीसाठी जो शांपू मिळतो तो बहुधा उदासीन असतो, म्हणजे आम्लही नव्हे नि अल्कलीही नव्हे. पण त्याचे खरे काम निराळेच. तो पाणी बुळबुळीत करतो. धुळीचा कण रंगावर घासत न जाता त्या निसरड्या पाण्यावरून घसरत जातो. मोटार धुण्याची सारी विद्या या एका गोष्टीत आहे. साबण मळ कापतो म्हणून नव्हे, तर घर्षण कमी करतो म्हणून वापरायचा. जितका फेस जास्त तितकी सफाई जास्त, हा आपला एक जुना भ्रम आहे. बाटलीवर लिहिले असेल तेवढेच टाका.

फडक्याविषयीही तसेच. जुने धोतर किंवा बनियन मऊ लागते खरे, पण त्याच्या पृष्ठभागावर कणाला लपायला जागा नसते. तो कापड आणि रंग यांच्यामध्येच अडकतो. ‘मायक्रोफायबर’ म्हणून जे मखमलीसारखे कापड मिळते ते पॉलिएस्टर आणि नायलॉन यांच्या अतिबारीक धाग्यांचे असते. असा नऊ हजार मीटर धागा घेतला तरी वजन एक ग्रॅम भरत नाही! त्याच्या लवेत कण खोल शिरतो आणि रंगापासून दूर राहतो. हे कापड जमिनीवर पडले तर झटकून पुन्हा वापरू नये. साध्या साबणाने धुऊन वाळवावे, त्यावर इस्तरी फिरवू नये.

धुतलेली गाडी आपोआप वाळू देणे हा आळस महागात पडतो, विशेषतः गावाकडे विंधणविहिरीचे पाणी असेल तर. जड पाण्यातला चुना, पाणी उडून गेल्यावर, पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. तव्यावर, बंबावर बसतो तोच हा थर. डाग ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून फडक्याने लावावे आणि लगेच धुवावे. पक्ष्याची विष्ठा मात्र तासभरसुद्धा ठेवू नका. तिच्यात युरिक आम्ल असते आणि उन्हाने पत्रा तापला की ते वरच्या थरात खड्डा पाडते. ओला कागद पाच मिनिटे ठेवून अलगद उचलावी.

नव्या वस्तूंची दुकानात आता एवढी गर्दी आहे की माणूस गोंधळतो. काही खरोखर उपयोगी आहेत. धुतल्यावरही हाताला रंग खरखरीत लागतो ना? रेल्वेच्या रुळांवरून आणि मोटारींच्या ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात. त्यावर फवारण्याचे एक औषध मिळते. ते मारले की दोन मिनिटांत गाडीवरून जांभळे ओघळ येऊ लागतात, जणू गाडीला जखम झाली! त्यातले द्रव्य, थायोग्लायकोलेट, लोखंडाशी संयोग पावून तो रंग देते. केस कुरळे करण्याच्या औषधातही याच जातीचे द्रव्य असते, आणि वास कुजलेल्या अंड्यासारखा. हातमोजे घाला, उघड्यावर करा, वाळण्यापूर्वी धुऊन टाका. वर्षातून एकदा पुरे. पुढे आहे मातीची वडी, म्हणजे ‘क्ले’. मळलेल्या कणकेसारखी ही वडी साबणपाणी शिंपडून हलकेच फिरवली की उरलेले कण तिला चिकटतात. ती खाली पडली तर फेकून द्यायची. मग कितीही पैसे दिलेले असोत.

यानंतर मेण. उत्तम मेण ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून येते. ते लावलेल्या पत्र्यावर पाणी पसरत नाही, मोत्यासारखे थेंब होतात. आपल्याकडे अळवावरच्या पाण्याची उपमा आहेच. शिक्षकांनी वर्गात अळूचे एक पान आणि एक साधे पान आणून दोन्हींवर पाणी टाकून दाखवावे. मेणाचा सारा सिद्धांत मुलांना तिथेच कळेल. पाणी टिकत नाही म्हणून मळही घट्ट बसत नाही. मात्र आपल्या उन्हापावसात मेण फार तर महिना-दोन महिने टिकते.

सध्या बोलबाला आहे तो ‘सिरॅमिक’ लेपाचा. तो सिलिकायुक्त असतो, दोन-एक वर्षे टिकू शकतो, आणि गाडी धुणे सोपे करतो. पण विक्रेता ‘नाइन एच’ कठीणपणा म्हणून जे सांगतो, त्याने फसू नका. हा आकडा खनिजांच्या मोजपट्टीवरचा नाही, पेन्सिलीचा आहे! चित्रकलेच्या पेन्सिली ‘एच’, ‘टू एच’ अशा कठीण होत जातात. त्यातल्या सर्वांत कठीण पेन्सिलीने लेपावर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि लेप जाड किती, तर एखाद-दोन मायक्रॉन. वाळूचा कण त्याला जुमानत नाही. लेप लावूनही कोरडे फडके फिरवले तर रेघा येणारच. हजारो रुपये देण्याआधी हे माहीत असावे. माझ्या मते साधा शांपू, चार चांगली फडकी आणि एक मेणाचा डबा एवढ्यात घरच्या गाडीचे भागते.

काही वस्तू मात्र घरात येऊच देऊ नयेत. चाके उजळवण्यासाठी सुटी, चिठ्ठी नसलेली ‘ॲसिड’ची बाटली मिळते. तीत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असू शकते. सौम्य द्रावण अंगावर उडाले तर लगेच चटका बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर ते खोल शिरून शरीरातले कॅल्शिअम बांधू लागलेले असते. असे झाले तर भरपूर पाण्याने धुवा, आणि दुखण्याची वाट न बघता बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. संडासाचे ॲसिडही चाकांना लावू नये. ट्रॅक्टर, मोटारसायकल डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने ग्रीस निघते हे खरे, पण रबरी बुश फुगतात, सांध्यातले वंगणही निघून जाते, आणि आगीची भीती ती वेगळीच. टायर नि डॅशबोर्ड चमकवण्याचा फवारा ब्रेकच्या तबकडीवर, पायपट्ट्यांवर किंवा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर कधीही उडू देऊ नका. मोटारसायकल चकचकीत करून पहिल्याच वळणावर घसरण्याचे कारण यात असू शकते.

राहिले पाणी. नळीतून मिनिटाला पंधरा लिटर धरले, तर पंधरा मिनिटांत सव्वादोनशे लिटर गटारात जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. बंगळूरमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी झाली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. दोन बादल्यांच्या रीतीने, वरून ओतायचे पाणी धरूनसुद्धा, साठ लिटरांत काम होते. धूळ हलकी असेल तर नव्याने आलेली ‘न खंगाळता’ धुण्याची द्रावणे एका बादलीत भागवतात. त्यांतले द्रव्य कणाभोवती गुंडाळी करते आणि फडक्याने तो अलगद उचलला जातो. चिखलावर मात्र त्यांचे काही चालत नाही.

आणि हे धुवण जाते कुठे? नवी मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारे सांडपाण्याच्या नळांपासून वेगळी आहेत. रस्त्यावर धुतलेल्या गाडीचा फेस, तेल, लोखंड नि रसायन प्रक्रिया केंद्रात न जाता धारण तलावांतून खाडीला मिळते. याच खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर केले आहे, आणि मासेमारीवर जगणारी घरे अजून तिच्या काठी आहेत. शक्य असेल तर गाडी मातीच्या जागी धुवावी. औषधी द्रव्यांचे उरलेले पाणी मात्र विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात नको.

पावसाळा संपला की एक काम आठवणीने करा. खाडीकाठच्या आणि कोकणातल्या गाड्या वरून चमकत असतात नि खालून गंजत असतात. चाकांच्या कमानींत आणि तळाला साधे पाणी जोराने मारून मीठ-चिखल काढा. मग प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला हात घाला. पाणी निघून जायला तिथे लहान भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साठते. एका बारीक काडीने ती मोकळी करा.