परदेशी बिऱ्हाड, गावचे दाखले

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावरून निघालेले बिऱ्हाड परदेशी पोहोचले, तरी तेथील कचेरी प्रथम गावचेच दाखले मागते. जन्म, विवाह, शिक्षण या दाखल्यांवरील नावात एका अक्षराचा फरकही अडसर ठरतो. हेग करारातील बहुतांश देशांत दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल पुरते. भारतात ही सोय २००५ पासून आहे.

मागे राहिलेले व्यवहारही नियमित करावे लागतात. १९९९ च्या फेमा कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी झालेल्याचे साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलावे लागते. वडिलोपार्जित शेती राखता येते. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.

वहीपूजनापूर्वी पेढीचा हिशेब चोख होतो, तसेच प्रस्थानापूर्वी कागदही चोख व्हावेत.