बुजगावण्याला रानडुक्कर का घाबरत नाही?

शहरातल्या सज्जात कबुतरांना हुसकावण्यासाठी जुन्या सीडी टांगल्या जातात, प्लॅस्टिकचे घुबड बसविले जाते. चार दिवस कबुतरे फिरकत नाहीत. पुढे त्याच घुबडाच्या डोक्यावर येऊन बसतात. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या वनप्रदेशात हाच प्रश्न शेताच्या बांधावर उभा राहतो. तेथे मात्र कुटुंबाचे वर्षभराचे धान्य पणाला लागलेले असते.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाचा हा परिसर घनदाट जंगलाचा. माडिया गोंड समाजाची येथील शेती प्रामुख्याने पावसावरच्या भाताची. बांध संपतो तेथे रान सुरू होते. लोंबीत दाणा भरू लागला, की दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे शेतात उतरतात. डुक्कर खाते त्याहून अधिक पीक तुडवून, लोळून नासवते.

बुजगावणे हा यावरचा सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय. दोन काठ्यांचा सांगाडा, त्यावर फाटका सदरा आणि डोक्याच्या जागी चुन्याने डोळे रंगविलेले काळे मडके. पिकाला दृष्ट लागू नये, हीदेखील त्यामागची एक श्रद्धा. पाखरांवर त्याचा परिणाम होतो, कारण त्यांची भिस्त दृष्टीवर असते आणि ती दिवसा येतात. रानडुकराचे तसे नाही. त्याची नजर बेताचीच. तांबड्या रंगाचा भडकपणा तर माणसाइतका त्याला जाणवतच नाही. काळोखात ते नाकाने आणि कानाने वाट काढते. ज्याला माणसाचा वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही, ते त्याच्या लेखी नुसते खुंट!

म्हणूनच विदर्भात अनेक शेतकरी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यावर साडी हलते, फडफडते, वापरलेल्या कापडाला माणसाचा वास असतो आणि पलीकडचे काही दिसत नाही. परंतु पावसाने वास धुऊन जातो आणि फडफड ओळखीची होते. अपाय होत नाही, असे एकदा कळले की प्राणी भीती सोडून देतो. यालाच प्राणिशास्त्रात सरावणे म्हणतात.

हा सराव मोडणे, हेच खरे तंत्र आहे. बुजगावणे पेरणीपासून उभे ठेवण्याऐवजी दाणा भरताना आणावे, दर दोन-तीन दिवसांनी त्याची जागा व वेश बदलावा, त्याला वाऱ्याने वाजणारे डबे बांधावेत आणि कापणी होताच ते काढून ठेवावे. जपानमधील ताकिकावा या गावाने अस्वलांसाठी २०२०मध्ये डोळे लुकलुकणारे, मान फिरविणारे, निरनिराळे आवाज काढणारे यांत्रिक लांडगे बसविले. त्यामागचे तत्त्वही हेच. मचाणावरची जागल आजही परिणामकारक ठरते, कारण माणूस रोज सारखाच वागत नाही. अर्थात, त्यासाठी रात्रीची झोप मोडावी लागते आणि अस्वलाचा किंवा २०२१पासून जिल्ह्यात आलेल्या रानटी हत्तींचा धोकाही पत्करावा लागतो.

हे सारे उपाय थकले, की काही जण कुंपणात जिवंत वीजप्रवाह सोडतात. हा गुन्हा तर आहेच. शिवाय अशा तारांना चिकटून चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात वाघ आणि माणसेही दगावली आहेत. पीकहानीसाठी शासनाची भरपाई आहे. परंतु वेळेवर पंचनामा आणि मंद धक्का देणाऱ्या सुरक्षित सौरकुंपणाला अर्थसाह्य मिळाले, तरच शेतकऱ्याचा हात त्या तारेकडे जाणार नाही. बुजगावणे काही रात्री निभावून नेते. संपूर्ण हंगामाचा भार मात्र त्याच्या खांद्यावर टाकता येणार नाही.