सही केलेले दोन कागद

ढोकीच्या एका घरात लोखंडी पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला शंभराचा बाँड पाहिला. वर 'फारकत' असं लिहिलेलं. खाली दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या आणि शेवटी तिची. सातवीत शाळा सुटलेल्या हाताची, एकेक अक्षर सुटं. यापुढे एकमेकांशी संबंध नाही, पोटगी मागणार नाही, असा मजकूर. बाईनं तो कागद बारा वर्षं जपला, कारण भावकीत सगळ्यांनी सांगितलं होतं, झाली तुझी सुटका.

कायद्यानं बहुधा झालीच नव्हती. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याच्या २९व्या कलमानं रूढीनं होणारा घटस्फोट शिल्लक ठेवला आहे, आपल्याकडची काडीमोड त्यात बसू शकते. पण आपल्या समाजात अशी रूढी खरोखर आहे, हे सांगणाऱ्यानं कोर्टात सिद्ध करायचं असतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये हेच बजावलं. रूढी सिद्ध झाली नाही, तर बाँडवरच्या फारकतीनं लग्न मोडत नाही. ती त्याची बायकोच राहते आणि तिनं दुसरं घर केलं तर ते लग्न टिकत नाही. पोटगीचं लिहून दिलं म्हणून हक्क बुडालाच असं धरून मात्र घरी बसू नये. तो कागद आधी वकिलाला दाखवावा.

दुसरा कागद तिच्याजवळ नाही, भावाजवळ आहे. वडील गेल्यावर केलेलं हक्कसोडपत्र. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, ही भीती आपल्या घराघरांत आहे, आणि ती खोटी नाही. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. तरी सही होते. मग नांदणं संपलं की तीच बहीण त्याच घराच्या ओसरीत येते, आता पाहुणी म्हणून. "लेकराचं दप्तर घ्यायचं म्हणलं तरी भावाचं तोंड बघावं लागतंय," ती म्हणाली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण तिचा भाऊ वाईट माणूस नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मोडणं महाकठीण. ज्या बहिणींची सही अजून व्हायची आहे, त्यांनी हात आवरावा.

पोटगीत तारखेला फार महत्त्व आहे. रजनेश विरुद्ध नेहा या निकालानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवलं, की पोटगी अर्ज केल्याच्या दिवसापासून धरायची. म्हणजे पंचांच्या बैठकांमागून बैठका बसवण्यात गेलेले महिने बुडतात. जुन्या फौजदारी संहितेचं १२५वं कलम १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत १४४वं झालं, हक्क तोच आहे. रीतसर घटस्फोट झालेली, पुन्हा लग्न न केलेली बाईही त्यात येते. अर्जासाठी सासरच्या गावी खेटे घालायला नकोत, आपण राहतो तिथल्या कोर्टात तो करता येतो. ढोकीच्या बाईला धाराशिव. २०२३पासून एसटीचं तिकीटही अर्धं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. १९८७च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. घटस्फोट होऊनही पोटगी मिळत नसेल, तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना.

संगमनेरच्या वकील निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी ऐंशीच्या दशकातच टाकलेल्या बायकांचा हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. स्वतंत्र रेशनकार्ड ही त्या चळवळीची एक मागणी. शहरात राहणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. पण भावाच्या कार्डावर जिचं नाव चढत नाही आणि नवऱ्याच्या कार्डावरून जिचं निघत नाही, तिला दाखल्याच्या प्रत्येक खिडकीवर तेच विचारतात: तुमचं कुटुंब कुठलं?

ती ब्लाउज शिवते, दिवाळीत आणि लगनसराईत रात्री जागून. मशीन स्वतःच्या पैशाचं. कोर्टाची सगळी माहिती तिनं नीट ऐकून घेतली, बाँडचा फोटो काढू दिला. पहिल्यांदा काय करणार, असं मी तिला विचारलं.

"आधी माझं अन् पोरीचं नाव एका कार्डावर आणते. मग त्याच पत्त्यावरून अर्ज टाकू."